कार्ड चालेल का? सरकारी विमा आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचा शोध

दिवस गेल्याची खात्री झाली की घरात दोन प्रश्न लगेच उभे राहतात. नाव कुठे घालायचे आणि खर्च किती येईल? ज्या घरात पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका आहे, शिबिरात जाऊन काढलेले आयुष्मान कार्ड आहे, तिथे तिसरा प्रश्नही ठरलेला: ‘तिथे कार्ड चालते का?’ जवळच्या बाईंच्या दवाखान्यात विचारले की बहुतेकदा उत्तर मिळते, ‘आमच्याकडे योजना नाही.’ योजना असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे तर तिथले उत्तर वेगळे असते, ‘योजना आहे, पण हे त्यात बसत नाही.’ दोन्ही उत्तरे खरी असू शकतात, आणि दोन्ही ऐकून परतणाऱ्या बाईच्या हाती काहीच लागत नाही.

या दोन उत्तरांच्या मागे एक व्यवस्था आहे. ती समजून घेतली तर शोध बराच सोपा होतो, आणि ती कुठे अपुरी आहे तेही स्पष्ट दिसते. आपला सरकारी आरोग्य विमा खाटेचे आणि शस्त्रक्रियेचे पैसे देतो. बाईला मात्र लागते ते महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षानुवर्षे, एका जाणत्या डॉक्टरचे लक्ष. या दोहोंमध्ये जे अंतर आहे, ते आज ती स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या पैशांनी कापते आहे.

गरज केवळ बाळंतपणापुरती नाही

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हटले की आपल्याला बाळंतपण आठवते, पण गरज त्याहून खूप मोठी आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे आढळले. आधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या मात्र फक्त ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त जाणे, ओटीपोटात दुखणे, अंग बाहेर येणे ही दुखणी त्या मुकाट्याने काढत होत्या.

त्या अभ्यासाने जगभरच्या आरोग्यधोरणाला प्रश्न विचारला की स्त्रीचे आरोग्य फक्त माता म्हणून का मोजायचे? आज रस्ते आहेत, फोन आहेत, रुग्णवाहिका आहेत. तरी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणजे बाळंतपण करणारा डॉक्टर ही समजूत आपल्या योजनांच्या रचनेत अजून टिकून आहे. पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंत आणि गेल्यानंतरही, गर्भनिरोधन, वंध्यत्व, गर्भपात, गाठी, गर्भाशयमुखाचा कर्करोग अशा कितीतरी कारणांनी बाईला या तज्ज्ञाची गरज पडते. यातल्या बहुतेक वेळी तिला भरती व्हायचे नसते. तिला तपासून घ्यायचे असते, विचारायचे असते, औषध घ्यायचे असते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायचे असते.

योजना डॉक्टरशी नव्हे, रुग्णालयाशी जोडलेली असते

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर पोचली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. २०२३ मध्ये राज्य सरकारने पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व कुटुंबांना योजनेत घेण्याचा आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देण्याचा निर्णय केला. त्याची अंमलबजावणी २०२४ मध्ये झाली. सीमाभागातल्या ८६५ गावांतील मराठी कुटुंबांनाही महाराष्ट्राने या योजनेत सामावून घेण्याचे ठरवले. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण मिळते.

कागदावर पाहिले तर प्रत्येक बाईच्या हाती कार्ड आहे. मग अडते कुठे? पहिली गोष्ट अशी की या योजना डॉक्टरला मान्यता देत नाहीत, रुग्णालयाला देतात. त्यामुळे ‘या डॉक्टर योजनेत आहेत का’ या प्रश्नाला नेमके उत्तर नसते. एकच डॉक्टर सकाळी स्वतःच्या दवाखान्यात पैसे घेऊन तपासतात आणि दुपारी योजनेतल्या रुग्णालयात मोफत शस्त्रक्रिया करतात, असे सर्रास घडते. दुसरी गोष्ट, रुग्णालय योजनेत असले तरी तिथला प्रत्येक विभाग योजनेत असतोच असे नाही. हाडांच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी अंगीकृत असलेल्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागाला मान्यता नसेल, तर दारावरच्या मोठ्या फलकाचा गरोदर बाईला उपयोग नाही. तिसरी गोष्ट, उपचारांची यादी ठरलेली आहे आणि त्यातले काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव ठेवलेले आहेत.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. या योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. बाह्यरुग्ण विभागात दाखवण्याची फी, महिन्याची तपासणी, रक्तचाचण्या, सोनोग्राफी यांना स्वतंत्रपणे त्यात जागा नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरले जातात, पण तेही भरती झाली तरच. गरोदरपणाचे नऊ महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे या चौकटीत मावत नाहीत.

म्हणून कार्डाचा खरा उपयोग होतो तो अडचणीच्या वेळी. गर्भाशयाची किंवा बीजकोशाची गाठ, कर्करोगाची शस्त्रक्रिया, गुंतागुंत होऊन अतिदक्षता विभागात जावे लागणे, बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मल्यामुळे त्याला काचेत ठेवावे लागणे, असे प्रसंग कुटुंबाला कर्जात ढकलतात आणि तिथे योजना खरोखर आधार देते. खासगी रुग्णालयातले साधे बाळंतपण किंवा आधीच ठरवलेले सिझर योजनेत बसेलच असे मात्र धरून चालू नये.

बाळंतपणासाठी सरकारने वेगळी वाट ठेवली आहे

बाळंतपणाचा खर्च उचलण्यासाठी सरकारने मुख्यतः विम्याची वाट धरलेली नाही. सरकारी रुग्णालयातली सेवाच मोफत करण्याची वाट धरली आहे. १ जून २०११ रोजी सुरू झालेला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम हा तिचा कणा आहे. सरकारी दवाखान्यात साधे बाळंतपण असो वा सिझर, औषधे, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझरनंतर ७ दिवस जेवण, घरून दवाखान्यात नेणे, तिथून मोठ्या रुग्णालयात हलवणे आणि बाळासह घरी सोडणे हे सगळे विनामूल्य आहे. यासाठी उत्पन्नाची अट नाही, कार्डाची अट नाही, कितवे मूल हा प्रश्न नाही. आजारी बाळाच्या उपचारांनाही हाच नियम आहे.

याला जोडून जननी सुरक्षा योजना आहे. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या मातेला त्यातून ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून स्त्री रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, केस पेपरचे पैसेही बंद झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत. हा फरक माहीत नसला की खिडकीवर वाद होतात.

तज्ज्ञाला दाखवण्यासाठी २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची, विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे, डॉक्टरकडून तपासणी होते. खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांनीही त्या दिवशी विनामोबदला सेवा द्यावी अशी या अभियानाची कल्पना आहे. जोखमीच्या गरोदरपणाची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर लाल खुणेने होते. ज्या तालुक्यात एकही स्त्रीरोगतज्ज्ञ कायम नाही, तिथल्या बाईसाठी ही ९ तारीख फार मोलाची आहे.

या वाटेची उणीवही तितकीच मोठी आहे, आणि ती आहे माणसांची. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत जितके स्त्रीरोगतज्ज्ञ असायला हवेत, त्याच्या ७४ टक्के कमी होते. महाराष्ट्रात या पातळीवर ग्रामीण रुग्णालये येतात. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ असला तर भूलतज्ज्ञ नसतो, दोघे असले तर रक्त जवळ नसते, सोनोग्राफीचे यंत्र असले तर ते चालवायला नोंदणीकृत डॉक्टर नसतो. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा १९९४ चा कायदा आवश्यकच आहे. त्यानुसार सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रात आणि पात्र डॉक्टरनेच करायची असते. सरकारने ती माणसे नेमली नाहीत की बाई मोफत दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन बाहेरच्या खासगी केंद्रात जाते आणि तिथे रोख मोजते. ‘मोफत बाळंतपण’ ऐकून गेलेल्या कुटुंबाचा पहिला खर्च बहुधा इथेच होतो.

तरीही या वाटेने खूप काही साधले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत असल्याचे दिसले. २०१८-२० या काळात राज्यातला मातामृत्यूंचा दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, तेव्हा देशाचा ९७ होता. आशाताई, परिचारिका आणि सिव्हिलच्या प्रसूतिकक्षात रात्रपाळी करणारे निवासी डॉक्टर यांचे हे श्रेय आहे. पण केरळ त्याच काळात १९ वर पोचला होता, म्हणजे आपल्याला अजून बरेच अंतर कापायचे आहे.

ईएसआय: पूर्ण असलेला पण विसरलेला विमा

सार्वजनिक विम्याचा एक जुना प्रकार आपल्याकडे आहे आणि बाळंतपणाच्या बाबतीत तो सर्वांत परिपूर्ण आहे. १९४८ च्या कायद्यातून उभी राहिलेली कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली ईएसआय. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या संघटित क्षेत्रातल्या कामगारांना ती लागू आहे. २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. इतक्या वर्गणीत बाह्यरुग्ण तपासणी, औषधे, चाचण्या, बाळंतपण, सिझर हे सगळे येते, आणि कामगाराच्या पत्नीलाही ही वैद्यकीय सेवा मिळते. स्वतः विमाधारक असलेल्या स्त्रीने आधीच्या दोन वर्गणी-कालावधींत किमान ७० दिवसांची वर्गणी भरली असेल, तर पहिल्या दोन अपत्यांपर्यंत तिला २६ आठवड्यांची पगारी रजाही मिळते.

मुंबईत अंधेरी, कांदिवली, मुलुंड, वरळी, तसेच ठाणे, उल्हासनगर, पुणे परिसर, नाशिक, नागपूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर इथे ईएसआयची रुग्णालये आहेत. पण कारखाने आणि कंत्राटी कामे शहरांच्या कडेला सरकली आणि ही रुग्णालये जुन्या औद्योगिक वस्त्यांतच राहिली. कंत्राटदाराकडे सफाई, पॅकिंग किंवा सुरक्षारक्षकाचे काम करणाऱ्या कितीतरी बायकांच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात, पण आपला विमा क्रमांक काय आणि आपला दवाखाना कोणता हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पगारपत्रकात ही कपात दिसत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाचा शोध ईएसआयच्या दवाखान्यापासूनच सुरू करावा. तिथली चिठ्ठी घेऊन पुढे जाता येते. आधी खासगीत खर्च करून नंतर पैसे परत मागणे फार जिकिरीचे ठरते.

धर्मादाय रुग्णालयांचे कर्तव्य

कार्ड नाही, उपचार योजनेच्या यादीत नाही, सरकारी रुग्णालय लांब आहे, अशा वेळी तिसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असलेले कुटुंब निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुर्बल धरले जाते. रुग्णालयाने आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम यासाठीच्या निधीत जमा करायची असते. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणे आणि त्याचा जीव स्थिर करणे बंधनकारक आहे.

पुण्यात २०२५ मध्ये एका गरोदर स्त्रीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेचा प्रश्न राज्यभर पेटला. त्यानंतर चौकश्या झाल्या, आदेश निघाले. पण हा हक्क रोजच्या व्यवहारात मिळायचा असेल, तर तो मागणाऱ्याला माहीत हवा. अशा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन त्यालाच भेटावे. तेही सातव्या-आठव्या महिन्यात, कळा सुरू होण्याच्या खूप आधी.

लहान प्रसूतिगृहे योजनेबाहेर का?

महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणजे बहुधा एक डॉक्टर दांपत्य, आठ-दहा खाटांचे प्रसूतिगृह, दोन-तीन परिचारिका आणि बोलावल्यावर येणारा भूलतज्ज्ञ. बाईच्या ओळखीचा, घराजवळचा, रात्री दोन वाजता दार उघडणारा दवाखाना हाच असतो. पण योजनेच्या निकषांत खाटांची किमान संख्या, चोवीस तास डॉक्टर, यंत्रणा आणि कागदपत्रांची माणसे अशा अटी असतात. त्या सुरक्षिततेसाठीच आहेत, पण त्या मोठ्या रुग्णालयाला नजरेसमोर ठेवून लिहिलेल्या आहेत.

दुसरा अडथळा दराचा आणि वेळेचा. पॅकेजचा दर ठरलेला, त्यात भूलतज्ज्ञ, औषधे, जेवण, परिचारिका सगळे बसवायचे. पूर्वपरवानगी मागायची, कागद चढवायचे, शंका आली की उत्तरे द्यायची आणि पैशांची वाट पाहायची. शंभर खाटांच्या रुग्णालयाला हे काम करणारी माणसे ठेवता येतात. दहा खाटांच्या दवाखान्यात ते स्वतः डॉक्टरलाच करावे लागते. म्हणून तो योजनेच्या वाटेला जात नाही. त्याच्यावर लोभाचा शिक्का मारून प्रश्न सुटत नाही. त्याचवेळी हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णाकडून वर पैसे घेणे हा गुन्हाच समजला पाहिजे, दर कितीही कमी असला तरी.

पैसे ज्याचे मिळतात, तेच वाढते

विमा शस्त्रक्रियेचे पैसे देतो आणि तपासणीचे देत नाही, याचा परिणाम बाईच्या शरीरावर होतो. गरीब कुटुंबांसाठीची केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना सुरू झाल्यानंतर २०१२ च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहारमध्ये तरुण बायकांची गर्भाशये विनाकारण काढल्याची प्रकरणे उघड झाली. पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईवर औषधोपचार केले तर दवाखान्याला काही मिळत नव्हते. पिशवी काढली तर पॅकेज मिळत होते.

बीडची कहाणी वेगळी आहे, पण धडा तोच आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत राज्य सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये अहवाल दिला. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. इथे विम्याचे आमिष हे मुख्य कारण नव्हते. अनेकींनी मुकादमाकडून उचल घेऊन हा खर्च केला होता. पाळीत सुट्टी घेतली तर दंड, फडावर ना पाणी ना आडोसा, दुखणे सांगायला जवळ तज्ज्ञ नाही, आणि गाठ पडलेला डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. एका वेळच्या नीट तपासणीची सोय असती तर यांतल्या कितीतरी जणी वाचल्या असत्या. पुढे बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना त्या लागू करायला सांगितले. चाळिशीच्या आत पिशवी काढायचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

इतरांनी काय करून पाहिले

खासगी स्त्रीरोगतज्ज्ञाला सार्वजनिक पैशांतून जोडून घेण्याचा मोठा प्रयोग आपल्या शेजारी गुजरातने केला. चिरंजीवी योजना डिसेंबर २००५ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाली आणि २००७ मध्ये राज्यभर गेली. गरीब मातांच्या १०० बाळंतपणांमागे डॉक्टरला १,७९,५०० रुपये, साधे बाळंतपण असो वा सिझर. यामागचा विचार चांगला होता. सरासरी दर आधीच ठरलेला असल्याने विनाकारण सिझर करण्यात फायदा राहत नव्हता. देशात खासगी रुग्णालयांत सुमारे ४७ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत सुमारे १४ टक्के बाळंतपणे सिझरने होतात, हे लक्षात घेतले तर या विचाराचे महत्त्व कळते. पण महागाईच्या मानाने दर मागे पडले, अनेक डॉक्टर बाहेर पडले, आणि २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाला या योजनेमुळे दवाखान्यातली बाळंतपणे किंवा कुटुंबाचा खर्च यांत ठळक फरक पडल्याचे आढळले नाही. डॉक्टरला जोडणे शक्य आहे, टिकवण्यासाठी दर आणि देखरेख दोन्ही चालू ठेवावी लागतात, हा त्याचा धडा.

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी मेडिकेड हा सार्वजनिक विमा आहे आणि तिथल्या दर दहा बाळंतपणांपैकी साधारण चारांचा खर्च तो उचलतो. तिथेही दर कमी म्हणून अनेक डॉक्टर तो घेत नाहीत, आणि तिथली बाईही दवाखान्यांना फोन करत फिरते. पण तो विमा पहिल्या तपासणीपासून खर्च उचलतो. पूर्वी तो बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपायचा. २०२२ पासून राज्यांना तो वर्षभर चालू ठेवण्याची मुभा मिळाली आणि जवळपास सगळ्या राज्यांनी ती घेतली. मातामृत्यूंचा मोठा भाग बाळंतपणानंतरच्या काळात घडतो हे ओळखून केलेला हा बदल आहे.

आज शोध कसा घ्यावा

दिवस गेल्याचे कळताच, पहिल्या तीन महिन्यांच्या आत, आशाताई किंवा उपकेंद्रातल्या परिचारिकेकडे नोंद करावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे. शहरात हे काम महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्रसूतिगृहात होते. बाळंतपण पुढे खासगीत करायचे ठरले तरी ही नोंद सोडू नये. ९ तारखेची तपासणी, मातृवंदनेचे पैसे आणि अडचणीच्या वेळी सरकारी रुग्णालयाचा आधार या नोंदीवर मिळतो.

त्यानंतर पगारपत्रक पाहावे. ईएसआयची कपात असेल तर तिकडे जावे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी मुंबई, पुणे आणि नागपूर इथे सीजीएचएसची, म्हणजे केंद्र सरकारी आरोग्य योजनेची, केंद्रे आहेत. काही महापालिकांच्या स्वतःच्या योजनाही असतात, जशी पुण्याची शहरी गरीब योजना. यांतले काही नसेल तर जवळचे सरकारी रुग्णालय प्रत्यक्ष जाऊन पाहावे. स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, रात्री सिझर होते का, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय आहे का, बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर कुठे पाठवतात, हे चार प्रश्न विचारावेत. मोठ्या इमारतीपेक्षा या चार उत्तरांवर निर्णय घ्यावा.

जन आरोग्य योजनेतले रुग्णालय निवडायचे असेल, तर फलकावर विसंबू नये. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटून तीन गोष्टी नेमक्या विचाराव्यात. स्त्रीरोग विभाग योजनेत आहे का? मला सांगितलेला उपचार यादीत आहे का, आणि तो सरकारी रुग्णालयासाठी राखीव तर नाही ना? कोणती कागदपत्रे लागतील? योजनेच्या १५५३८८ आणि आयुष्मानच्या १४५५५ या क्रमांकांवर फोन करूनही खात्री करता येते. मंजूर उपचारासाठी कोणी पैसे मागितले तर पावती मागावी आणि याच क्रमांकांवर तक्रार नोंदवावी. नावाचे स्पेलिंग शिधापत्रिकेवर आणि आधारवर सारखे आहे ना, हे आधीच पाहावे. लग्नानंतर नाव सासरच्या शिधापत्रिकेवर चढलेले नसते, आणि ऐन वेळी अडते ते नेमके इथेच.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी जातात. सासर पुण्याला, माहेर लातूरला किंवा सीमेपलीकडे बिदरला. सरकारी रुग्णालयातली मोफत सेवा कुठेही मिळते आणि आयुष्मान योजना इतर राज्यांतही चालते. पण माहेरच्या गावी नाव सातव्या महिन्यातच घालावे आणि आधीचे सगळे कागद सोबत न्यावेत. खासगीत जायचे असेल तर दरपत्रक मागावे. २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. कळा अचानक सुरू झाल्या, रक्त गेले, झटके आले, तर कार्डाचा विचार न करता १०८ ला फोन करावा.

काय बदलायला हवे

बाईने एवढे सगळे माहीत करून घ्यावे, पाच दारे ठोठावावीत आणि मग तिला तज्ज्ञ मिळावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. अंगावर ओझे असताना, मजुरी बुडवून, एसटीने तालुक्याला जाऊन कोणी खिडक्या बदलत फिरू नये. यासाठी तीन बदल तातडीने व्हायला हवेत.

पहिला, जन आरोग्य योजनेने बाह्यरुग्ण तपासणी आपल्या कक्षेत घ्यावी आणि त्याची सुरुवात स्त्रीरोगापासून करावी. नोंदणीपासून बाळंतपणानंतरच्या सहाव्या आठवड्यापर्यंत तपासण्या, सोनोग्राफी, बाळंतपण आणि नंतरची देखभाल यांचे एकच पॅकेज असावे, साध्या बाळंतपणाला आणि सिझरला एकाच दराने. जोखमीच्या मातेसाठी त्याची मुदत वर्षभर असावी. दुसरा, दहा खाटांच्या प्रसूतिगृहाला झेपतील असे वेगळे निकष करावेत. सुरक्षिततेच्या अटी कडक, कागदांच्या अटी हलक्या, आणि पैसे ठरलेल्या मुदतीत. तिसरा, ग्रामीण रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांची नेमणूक एकत्र, एका गटाने व्हावी. तिघांपैकी एक नसला की उरलेल्या दोघांचा पगार चालू राहतो आणि बाई मात्र पन्नास किलोमीटर पुढे पाठवली जाते.

हे होईपर्यंत प्रत्येक तालुक्यात एक गोष्ट आजपासून करता येईल. तालुक्यातले सरकारी आणि खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ, ते कोणत्या दिवशी कुठे भेटतात, कोणती योजना घेतात आणि कोणत्या उपचारासाठी घेतात, याची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि आशाताईच्या हाती द्यावी. याला नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. ग्रामसभेने एक ठराव करून ही यादी मागितली तरी पुरेसे आहे, आणि तो ठराव येत्या ग्रामसभेत बायकांनी मांडावा.